रिपोर्टमध्ये ‘कीप-१’ म्युटेशन आलंय, मग बाबांना रेडिएशन द्यायचं की नाही?

(आलेलं पत्र, थोडं कापून)

नमस्कार डॉक्टर, माझ्या बाबांना, वय ६४, फुप्फुसाचा कॅन्सर निघालाय. अ‍ॅडेनोकार्सिनोमा, स्टेज ३-बी. ऑपरेशन होण्यासारखं नाही म्हणाले, केमो आणि रेडिएशन एकत्र देणार आहेत, रेडिएशनची ३० सिटिंग, पुढच्या आठवड्यात सुरू. परवा जीन टेस्टचा रिपोर्ट आला, त्यात ईजीएफआर आणि एएलके हे जीन निगेटिव्ह आहेत पण कीप-१ या जीनमध्ये म्युटेशन, म्हणजे बदल, आहे असं लिहिलंय. मी रात्रभर वाचत बसले, सगळीकडे हेच की या प्रोटीनच्या गडबडीमुळे ट्यूमर रेडिएशनला दाद देत नाही. मग सहा आठवडे बाबांचे हाल कशाला करायचे? की डोस वाढवून मागायचा? चुलतभावाने गोळ्या आणून दिल्यात, व्हिटॅमिन ई, एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन, कर्क्युमिन, म्हणतो रेडिएशनमध्ये ताकद टिकेल, त्या चालू करू का? बाबा सिगरेट सोडली म्हणतात पण मला खात्री नाही. रेडिएशनच्या डॉक्टरांशी सोमवारी बोलायचंय, काय विचारू तेच कळत नाहीये.

— एक मुलगी

ताई, आधी थेट उत्तर देते कारण तुमच्या हातात दिवस कमी आहेत. रेडिएशन घ्या, ठरल्या तारखेला सुरू करा. डोस वाढवून मागू नका. आणि दादाने आणलेल्या बाटल्या ट्रीटमेंट संपेपर्यंत उघडू नका. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती या बाटल्यांची, म्युटेशनची नंतर. असं का म्हणतेय ते सांगायला थोडं पेशीच्या आत शिरावं लागेल, तेव्हा जरा धीर धरून वाचा, तुम्ही रात्रभर वाचलंत म्हणजे तुम्हाला हे झेपेल याची मला खात्री आहे.

रेडिएशन पेशीला मारतं कसं, तिथून सुरू करू. आपण देतो ते एक्स-रेच, फक्त खूप जास्त ताकदीचे. रोज २ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं माप), आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, म्हणजे एकूण ६० ग्रे, बाबांची ३० सिटिंग बहुतेक याच हिशोबाने ठरली असणार. १ ग्रे डोस गेला की एका पेशीत डीएनएची एकच बाजू तुटलीय अशा साधारण हजारेक जागा तयार होतात, आणि दोन्ही बाजू एकदम तुटल्यात अशा तीस-चाळीस. एक बाजू तुटली तर पेशी दुसऱ्या बाजूवरून बघून जोडून घेते, त्याचं तिला फार काही वाटत नाही. दोन्ही एकदम तुटल्या की मात्र जोडकाम चुकतं आणि पेशी मरते ती मुख्यतः त्यापायी. आता यातली बरीचशी मोडतोड, ढोबळमानाने दोन तृतीयांश, एक्स-रे स्वतः करतच नाही. पेशीत मुख्यतः पाणी असतं, एक्स-रे त्या पाण्याचे रेणू फोडतो, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाची अतिशय तापट गोष्ट तयार होते, ती सेकंदाच्या अब्जाव्या भागाइतकीच जगते पण तेवढ्यात शेजारच्या डीएनएवर घाव घालून जाते. म्हणजे जाहिरातींमधून ज्या फ्री रॅडिकल्सना शत्रू म्हणून दाखवतात तेच इथे आपलं हत्यार आहे. हे डोक्यात ठेवा, गोळ्यांकडे येऊ तेव्हा लागेल.

आता तुमच्या रिपोर्टातलं प्रोटीन. खरं तर जोडी आहे ती. एकाचं नाव एनआरएफ-२, ते १९९४ मध्ये सापडलं, आणि दुसरं कीप-१, ते १९९९ मध्ये जपानमध्ये मासायुकी यामामोतो यांच्या गटाने शोधलं. एनआरएफ-२ चं काम म्हणजे पेशीवर असा रॅडिकल्सचा हल्ला झाला की केंद्रकात जाऊन बचावाचे शेकडो जीन एकदम चालू करणं. पण हे प्रोटीन कायम मोकळं सोडून चालत नाही, म्हणून कीप-१ त्याला धरून ठेवतं आणि सतत मोडीत काढायला पाठवत राहतं, इतकं की शांत पेशीत एनआरएफ-२ तयार झाल्यावर जेमतेम वीसेक मिनिटं टिकतं. हल्ला झाला की कीप-१ वर जे सिस्टीन नावाचे गंधकवाले अमिनो आम्ल असतात त्यांच्यात रासायनिक बदल होतो, पकड सुटते, एनआरएफ-२ साठतं, केंद्रकात जातं, काम उरकतं, आणि धोका टळला की परत कीप-१ च्या ताब्यात. तुमच्या माझ्या सगळ्यांच्या पेशीत हे रोज चालू असतं आणि ते चांगलंच आहे, फुप्फुसासारख्या कायम हवेच्या संपर्कात असलेल्या अवयवाला तर त्याची फारच गरज. ज्या उंदरांमधून एनआरएफ-२ काढून टाकलं त्यांची फुप्फुसं रेडिएशनने जास्त खराब होतात हेही दिसलंय. म्हणून नेटवर कोणी ‘हे वाईट प्रोटीन’ म्हणत असेल तर तसं समजू नका.

गडबड होते ती कॅन्सरच्या पेशीत. तिथे कीप-१ चा जीन बिघडला की पकडच राहत नाही, एनआरएफ-२ चोवीस तास मोकळं. हल्ला असो नसो, बचावाची सगळी यंत्रणा आधीपासून तयार. त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ग्लुटाथायोन, हा छोटासा गंधकवाला रेणू पेशी स्वतः बनवते, आणि एनआरएफ-२ मोकळं असलं की भरपूर बनवते. ग्लुटाथायोन दोन कामं करतो. एक तर रॅडिकल पकडतो. आणि डीएनएवर नुकताच बसलेला घाव पक्का व्हायच्या आत त्याला हायड्रोजन देऊन तो मिटवून टाकतो, म्हणजे तुटायच्या आधीच दुरुस्त. आपण दिलेल्या २ ग्रेपैकी खरं नुकसान त्या पेशीला कमी होतं, शेजारच्या साध्या ट्यूमर पेशीला जास्त. त्यात सिस्प्लाटिनसारखं केमोचं औषधही ग्लुटाथायोनला चिकटून निकामी होतं आणि बाहेर फेकणारे पंपही याच प्रोटीनच्या हुकमाने वाढतात, त्यामुळे केमोलाही थोडा अडथळा. हा बिघाड तसा दुर्मिळ नाही. अमेरिकेतल्या ‘कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस’ने २०१२ मध्ये फुप्फुसाच्या स्क्वेमस प्रकारचे ट्यूमर तपासले त्यात साधारण एक तृतीयांशात या वाटेवरचा कुठला ना कुठला जीन बिघडलेला होता, आणि २०१४ मध्ये अ‍ॅडेनोकार्सिनोमा तपासले, बाबांचा प्रकार, त्यात १७ टक्क्यांत कीप-१ बिघडलेला. म्हणजे सहा पेशंटमागे एक. इतक्या लोकांमध्ये असणाऱ्या गोष्टीला ‘आता काही उपयोग नाही’ असं म्हणणं मला मान्यच नाही.

तुम्ही जे वाचलंत त्याचं मूळ बहुतेक स्टॅनफर्डमधल्या मॅक्सिमिलियन डीन यांच्या गटाच्या कामात असेल. २०१७ मध्ये त्यांनी उंदरांत आणि पेशंटमध्ये दाखवलं की हा जीन बिघडलेला असला तर रेडिएशननंतर त्याच जागी आजार परतण्याचा धोका जास्त. मग २०२० मध्ये २३२ पेशंटचा अभ्यास आला, आजार पसरलेला नाही असे सगळे. त्यात जिथे रेडिएशन दिलं तिथे कीप-१ किंवा एनआरएफ-२ च्या जीनमध्ये म्युटेशन असलेल्यांना त्याच जागी परत होण्याचं प्रमाण जास्त निघालं, ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांच्यात असा फरक दिसला नाही. म्हणजे लहान गाठ आहे, ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही शक्य आहेत, अशा पेशंटसाठी ही माहिती खरंच कामाची ठरू शकते. बाबांच्या बाबतीत ऑपरेशनचा पर्याय आधीच मिटलाय, तरी सोमवारी एकदा विचारून घ्या की ऑपरेशन नको हे सर्जन, केमोवाले आणि रेडिएशनवाले अशा सगळ्यांनी एकत्र बसून ठरवलं होतं का. नसेल ठरवलं तर बसा म्हणून सांगा, तो तुमचा हक्क आहे आणि चांगला डॉक्टर त्याचं वाईट वाटून घेत नाही.

पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट लोक वाचत नाहीत. त्यांनी प्रत्येक म्युटेशन प्रयोगशाळेत तपासलं की याने खरंच प्रोटीन बिघडतं का, आणि रेडिएशनला दाद न देण्याचा संबंध फक्त खरोखर बिघाड करणाऱ्या म्युटेशनशी निघाला. बाकीची नुसती सोबत आलेली, निरुपद्रवी. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये, खास करून सिगरेट ओढणाऱ्यांच्या ट्यूमरमध्ये, म्युटेशनचा ढीग असतो, त्यात कीप-१ चं नाव आलं एवढ्यावरून काही ठरत नाही. रिपोर्टमध्ये त्या ओळीपुढे बघा, पॅथोजेनिक किंवा लाइकली पॅथोजेनिक, म्हणजे बिघाड करणारं किंवा बहुधा करणारं, असं लिहिलंय की ‘अनसर्टन सिग्निफिकन्स’ म्हणजे अर्थ अजून ठरलेला नाही असं लिहिलंय. दुसरं असेल तर तुमची अर्धी रात्र उगाच गेली. आणि पहिलं असलं तरी हे गटाचे आकडे आहेत, मागे वळून फाइली बघून काढलेले, त्यातून ‘धोका जास्त’ एवढंच निघतं, बाबांच्या ट्यूमरचं भविष्य निघत नाही. दाद कमी देतो म्हणजे अजिबात देत नाही असं नव्हे. स्टेज ३ मध्ये ऑपरेशन शक्य नसताना पूर्ण बरं व्हायची शक्यता ज्या ट्रीटमेंटमध्ये आहे ती हीच, केमो आणि रेडिएशन एकत्र. ती सोडून हातात काय उरतं, याचा विचार करा. हाल वाचवायचे म्हणून रेडिएशन टाळलं तर ट्यूमर छातीत वाढत राहतो आणि ते हाल जास्त वाईट असतात, मी पाहिलेत.

डोस वाढवून मागायचा विचार स्वाभाविक आहे, ट्यूमर घट्ट असेल तर जास्त मारा, असं कुणालाही वाटेल, आम्हालाही वाटत होतं. म्हणूनच अमेरिकेत ‘आरटीओजी ०६१७’ नावाची मोठी ट्रायल झाली, स्टेज ३ च्याच पेशंटवर, अर्ध्यांना ६० ग्रे आणि अर्ध्यांना ७४. २०१५ मध्ये निकाल छापून आला तेव्हा सगळे चक्रावले, कारण ६० ग्रेवाल्यांचं मधलं आयुष्यमान (म्हणजे निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) २८.७ महिने आणि ७४ वाल्यांचं २०.३. जास्त डोसवाले कमी जगले. छातीत ट्यूमरच्या शेजारी हृदय आहे, अन्ननलिका आहे, उरलेलं चांगलं फुप्फुस आहे, त्यांना जो जास्त डोस जातो त्याची किंमत मोजावी लागते. पुढे कदाचित जीन बघून डोस ठरवायचे दिवस येतीलही, तसे अभ्यास चालू आहेत, पण आज कुठे कोणी म्हणालं की म्युटेशन आहे म्हणून आम्ही डोस वाढवून देतो, तर त्यांना विचारा की ही ट्रायल आहे का, आणि नसेल तर नको म्हणा.

आता गोळ्या. दादावर रागावू नका, त्याने प्रेमाने आणल्यात आणि दुकानात त्या बाटल्यांवर लिहिलेलंच असं असतं की कुणालाही वाटावं हे घेतलं की शरीराला आधार. पण तुमच्या बाबांचा ट्यूमर जी गोष्ट स्वतः चोरून करतोय, म्हणजे अँटिऑक्सिडंट साठवून रेडिएशनपासून वाचणं, तीच गोष्ट आपण बाहेरून बाटलीतून पुरवायची? एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन हा ग्लुटाथायोन बनवायचा कच्चा मालच आहे. कर्क्युमिन आणि ब्रोकोलीच्या अर्कातलं सल्फोराफेन, ही दोन्ही एनआरएफ-२ जागं करणारी म्हणून प्रयोगशाळेत वापरतात, कीप-१ च्या त्या सिस्टीनवर जाऊनच बसतात. ज्या पेशीत कीप-१ आधीच मोडलंय तिथे त्यांना फार काही करायला उरत नाही असं कोणी म्हणेल, आणि ते बरोबरही आहे, पण ट्यूमरमधल्या सगळ्या पेशी एकसारख्या असतीलच असं नाही, ज्यांची पकड अजून शाबूत आहे त्यांनाही आपण कशाला सोडवायचं. फायदा सिद्ध नाही आणि तोटा शक्य आहे, मग घ्यायचं कशासाठी.

आणि हा नुसता कागदावरचा तर्क नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांना वर्षानुवर्षं व्हिटॅमिन ई, बीटा-कॅरोटीन किंवा नुसत्या साध्या गोळ्या दिल्या होत्या, फुप्फुसाचा कॅन्सर टळेल या आशेने. १९९४ मध्ये निकाल आला, बीटा-कॅरोटीनवाल्यांमध्ये कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त, व्हिटॅमिन ईचा काहीच फायदा नाही. अमेरिकेत तसाच ‘कॅरेट’ नावाचा अभ्यास चालू होता तो १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला कारण तिथे २८ टक्क्यांनी जास्त निघाला. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी फुप्फुसाचा ट्यूमर असलेल्या उंदरांना व्हिटॅमिन ई आणि एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन दिलं, म्हणजे तुमच्याकडच्या तीनपैकी दोन बाटल्या, आणि ट्यूमर भराभर वाढले, उंदीर लवकर मेले. रेडिएशन चालू असताना काय होतं तेही बघितलंय, कॅनडात डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या पेशंटना व्हिटॅमिन ई आणि बीटा-कॅरोटीन दिलं, २००५ मध्ये छापलं, साइड इफेक्ट कमी झाले खरे पण आजार परतण्याकडेही कल जास्त दिसला, आणि जे त्या काळात सिगरेट ओढत राहिले त्यांचं सगळ्यात वाईट झालं. म्हणजे ताकद टिकली पण कोणाची, हा प्रश्न आहे. रोजच्या जेवणातली फळं-भाज्या बिनधास्त खाऊ द्या, जेवणातून जाणारं प्रमाण आणि गोळीतलं प्रमाण यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, मी फक्त गोळ्या, कॅप्सूल आणि पावडरींबद्दल बोलतेय.

यात एक गोष्ट पटकन नजरेआड होते. एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन हेच औषध कफ पातळ करायला पण देतात, पाण्यात टाकली की फसफसणारी गोळी. बाबांना खोकल्यासाठी आधीच कोणी लिहून दिली असेल तर घरात ती वेगळ्या नावाने पडलेली असणार आणि दादाच्या बाटलीशी तिचा संबंध कुणाच्या लक्षात येणार नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध मनाने बंद करू नका, पण सगळ्या औषधांची पाकिटं एका पिशवीत घालून सोमवारी घेऊन जा आणि टेबलावर ठेवा, आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, ताकदीच्या पावडरी, सगळं. तोंडी सांगताना माणूस अर्ध्या गोष्टी विसरतो आणि अर्ध्या लाजेपोटी गाळतो.

सिगरेटचं पण तेच. १९५५ मध्ये थॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांनी माणसाच्या फुप्फुसाच्या ट्यूमरचे काप मायक्रोस्कोपखाली बघितले तेव्हा दिसलं की रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या भागाहून लांब गेलं की ट्यूमर मेलेला असतो, कारण ऑक्सिजन तिथवर पोचतच नाही. मेलेल्या भागाची भीती नाही, भीती आहे ती काठावर जेमतेम ऑक्सिजनवर तग धरून बसलेल्या पेशींची, कारण ऑक्सिजन नसेल तर रेडिएशनचा तोच परिणाम व्हायला अडीच ते तीन पट डोस लागतो. मघाशी म्हटलं ना की ग्लुटाथायोन घाव पक्का व्हायच्या आत मिटवतो, तर तो घाव पक्का करतो ऑक्सिजन. दोघांची शर्यत असते. बाबांच्या ट्यूमरमध्ये ग्लुटाथायोनच्या बाजूला आधीच वजन जास्त पडलेलं असू शकतं, मग ऑक्सिजनच्या बाजूला आपण जे टाकू शकतो ते टाकायला हवं. सिगरेटमधला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिन अडवून बसतो आणि ट्यूमरला ऑक्सिजन अजून कमी पडतो. त्यांना ओरडू नका, लपवतील. असं सांगा की बाबा, मशीनवर जायच्या आधी ओढलेली सिगरेट त्या दिवसाच्या सिटिंगची धार कमी करते. कारण कळलं की बरेच लोक सोडतात, आणि नुसत्या जिद्दीने जमत नसेल तर निकोटिनच्या पट्ट्या, गोळ्या आहेत, डॉक्टरांकडे मागा. हिमोग्लोबिन किती आहे हेही विचारत राहा.

आणि सिटिंग चुकवू नका. वाटतं आज फार थकलेत, उद्या जाऊ, पण मध्ये खंड पडला की वाचलेल्या पेशींना वाढायला वेळ मिळतो, आणि ज्या ट्यूमरमध्ये वाचणाऱ्या पेशी जास्त असायची शक्यता आहे तिथे तर नकोच. प्रत्यक्षात सिटिंगमध्ये काही दुखत नाही. बाबांना पाठीवर झोपवतील, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन टेकूवर ठेवायला सांगतील, छातीवर टाचणीच्या टोकाएवढे गोंदलेले ठिपके किंवा खुणा असतील त्या लेझरच्या रेषेशी जुळवतील, मग सगळे खोलीबाहेर, मशीन फिरेल, काही मिनिटांत संपलं. सगळ्यात जास्त त्रास हात वर धरून ठेवण्याचा होतो, खांदा आखडलेला असेल तर आत्तापासून सांगा आणि हळूहळू सवय करायला लावा, कारण हात हलला तर नेम हलतो. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास गिळताना घशाखाली आग होते, ती अन्ननलिकेची सूज, तेव्हा खाणं कमी होतं, वजन उतरतं आणि लोक सिटिंग सोडायच्या गोष्टी करायला लागतात. त्या वेळेसाठी औषधं असतात, दुखायला लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीच विचारून ठेवा.

तुम्ही वाचताना टेलाग्लेनास्टॅट हे नाव पण पाहिलं असेल. कीप-१ बिघडलेल्या पेशी ग्लुटाथायोन बनवायला ग्लुटामिनवर खूप अवलंबून असतात, तर तो पुरवठाच तोडायचा, अशी ती कल्पना, २०२० च्या त्या अभ्यासात प्रयोगशाळेत याने रेडिएशनची धार वाढलेली दिसली. पण पसरलेल्या कॅन्सरमध्ये केमो आणि इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) यांच्या जोडीने याची ट्रायल केली ती फायदा दिसेना म्हणून थांबवली. कल्पना चुकीची होती असं मी म्हणणार नाही, रेडिएशनसोबतचा प्रश्न वेगळा आहे, पण आज हे औषध म्हणून उपलब्ध नाही, आणि कोणी ऑनलाइन विकत असेल तर लांब राहा. तुमच्याच हॉस्पिटलमध्ये या म्युटेशनसाठी एखादी ट्रायल आहे का, हे मात्र सोमवारी जरूर विचारा.

विचारायची आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे रेडिएशन संपल्यावर काय. ट्यूमर वाढला नसेल तर पुढे वर्षभर डुरव्हालुमॅब नावाची इम्युनोथेरपी द्यायची पद्धत आहे, ‘पॅसिफिक’ ट्रायलमध्ये पाच वर्षांनी ती घेतलेले ४३ टक्के हयात होते आणि न घेतलेले ३३ टक्के. (ईजीएफआर पॉझिटिव्ह असेल तर रस्ता वेगळा, तिथे ओसिमर्टिनिब नावाची गोळी, पण बाबांचा निगेटिव्ह आहे.) कीप-१ बिघडलेला असताना इम्युनोथेरपीही थोडी कमी लागू पडते असं काही अभ्यासांत दिसलंय, त्यातही सोबत एसटीके-११ नावाचा जीन बिघडलेला असेल तर जास्त, म्हणून रिपोर्टमध्ये ते नाव आहे का बघा. पण त्यावरून आत्ताच ती नको असं ठरवू नका, तो निर्णय केमोवाल्या डॉक्टरांसोबत त्या वेळचा स्कॅन बघून घ्यायचा. पीडी-एल१ चा (इम्युनोथेरपी कितपत लागू पडेल याचा अंदाज देणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट झालाय का तेवढं विचारून ठेवा, राहिला असेल तर बायोप्सीच्याच तुकड्यावर होतो.

आईला सांगायचं का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण पत्राच्या इथे कापलेल्या भागात तिला सांगितलेलं नाही असं लिहिलंत म्हणून बोलते. म्युटेशनचं नाव सांगायची गरज नाही. पण गोळ्यांचं आणि सिगरेटचं सांगा, कारण दिवसभर त्यांच्यासोबत तीच असणार, आणि घरात कोणी येऊन नवीन बाटली देऊन गेलं तर ती तिच्याच हातात देईल.

या म्युटेशनचा खरा उपयोग पुढच्या तपासण्यांत आहे असं मला वाटतं. आजार परतला तर त्याच जागी परतायची शक्यता जास्त, म्हणून दर तीन ते सहा महिन्यांचा सीटी स्कॅन ‘आता बरं वाटतंय’ म्हणून टाळायचा नाही, आणि स्कॅन वाचणाऱ्याला हे म्युटेशन आहे हे कळवायचं, कारण रेडिएशननंतर फुप्फुसात व्रणासारखा पांढरा भाग उरतोच आणि त्यात नवीन वाढ लपू शकते, शंका आली तर पेट स्कॅन किंवा बायोप्सी करून बघतात. लवकर सापडलं तर काही वेळा अजून काही करता येतं. आणि रेडिएशन संपल्यावर एक ते सहा महिन्यांच्या काळात कोरडा खोकला, दम लागणं किंवा बारीक ताप आला तर तो साधा सर्दी-खोकला समजून अंगावर काढू नका, फुप्फुसाची रेडिएशनने आलेली सूज अशीच सुरू होते, वेळेत स्टेरॉइड दिलं तर बहुतेक वेळा आटोक्यात येते, त्यामुळे त्याच दिवशी रेडिएशन विभागाला फोन करा, रात्र असली तरी.